असून अडचण, नसून खोळंबा: कारखान्यातल्या सुट्या भागांचा हिशेब



या पानांवर आपण सहसा रक्तदाब, मधुमेह, ४०१-के आणि मुलांच्या कॉलेजसाठीची बचत असे विषय वाचतो. त्यात बेअरिंग, पट्टे आणि मोटरी कशाला, असे आपल्याला वाटेल. पण मिशिगनमधल्या आपल्या मंडळाची सभासद यादी डोळ्यांसमोर आणून पाहा. किती घरांचा चरितार्थ कारखान्यांवर चालतो! कोणी मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे, कोणी परचेसमध्ये, कोणी क्वालिटीत. काही जण तर स्वतःचे छोटे मशीन शॉप चालवतात. या सर्वांचा पैसा आणि सुरक्षितता ज्या एका दुर्लक्षित खोलीवर अवलंबून असते, तिच्याबद्दल आज थोडे लिहितो. ती खोली म्हणजे मेंटेनन्सचे स्टोअर.

मी सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले आणि पुढे सॉफ्टवेअरकडे वळलो. कारखान्यांच्या देखभाल विभागांसाठी संगणक प्रणाली तयार करणे हे माझे सध्याचे काम. त्यानिमित्ताने अनेक स्टोअर आतून पाहायला मिळतात. काही आरशासारखी स्वच्छ, तर काही आजीच्या माळ्यासारखी: सगळे आहे, पण हवे ते सापडत नाही.

दोन्हीकडून मार

कारखान्यात माल दोन प्रकारचा असतो. एक, ज्याचे उत्पादन होऊन विकले जाते तो, म्हणजे लोखंड, ॲल्युमिनियम, प्लास्टिक वगैरे. त्याच्यावर सर्वांची नजर असते. दुसरा माल यंत्रे चालू ठेवण्यासाठी लागतो: बेअरिंग, सील, व्ही-बेल्ट, फ्यूज, सेन्सर, मोटर, गिअरबॉक्स, ग्रीस. हा माल विकला जात नाही, म्हणून विक्रीच्या अहवालात दिसत नाही. पण त्याच्यावाचून विक्रीचा मालही तयार होत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, ‘असून अडचण, नसून खोळंबा’. सुट्या भागांना ती तंतोतंत लागू पडते. भाग घेऊन ठेवला तर पैसा अडकतो, जागा अडते आणि कालांतराने माल खराबही होतो. नाही ठेवला तर मध्यरात्री यंत्र बंद पडते आणि तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येते. मग विमानाने भाग मागवा, दुप्पट भाडे भरा, ओव्हरटाइम द्या आणि गिऱ्हाइकाची बोलणी खा.

त्यामुळे कोणता भाग ठेवायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्याची रीत हवी. बहुतेक ठिकाणी ते किमतीवरून ठरते: महाग असेल तर ठेवू नका, स्वस्त असेल तर डबाभर आणा. गडबड नेमकी इथेच होते.

किंमत नव्हे, परिणाम

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. एका गिअरबॉक्सची किंमत ४,००० डॉलर आहे. अडकलेले भांडवल, जागा, विमा आणि खराबी धरून माल वर्षभर ठेवण्याचा खर्च पाठ्यपुस्तकांत साधारणपणे किमतीच्या २० ते २५ टक्के धरतात. आपण २० टक्के धरू, म्हणजे वर्षाला ८०० डॉलर. हा गिअरबॉक्स सरासरी पाच वर्षांतून एकदा जातो, नवा यायला कामाचे १५ दिवस लागतात आणि लाइन बंद असली की रोज १,५०० डॉलरचा तोटा होतो. म्हणजे एका बिघाडाचे २२,५०० डॉलर. पाच वर्षांत वाटले तर वर्षाला ४,५०० डॉलर. ८०० डॉलर वाचवण्यासाठी ४,५०० डॉलरचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. भाग महाग असला तरी ठेवायलाच हवा.

आता एकच गोष्ट बदलू. तोच गिअरबॉक्स गावातल्या वितरकाकडे कायम शिल्लक असतो आणि एका दिवसात मिळतो. मग बिघाडाचा तोटा १,५०० डॉलर, म्हणजे वर्षाला ३०० डॉलर. आता ८०० डॉलर खर्चून तो आपल्या फळीवर ठेवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. भाग तोच, किंमतही तीच, पण निर्णय उलटा. निर्णय ठरवतात त्या तीन गोष्टी: बिघाड किती वेळा होतो, भाग यायला किती दिवस लागतात आणि तो नसला तर काय थांबते.

शंभर डॉलरचा स्विच

जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली ‘एबीसी’ पद्धत मांडली. ज्या थोड्या वस्तूंवर वर्षाचा बहुतेक पैसा खर्च होतो त्या ‘ए’, मधल्या ‘बी’ आणि किरकोळ खर्चाच्या असंख्य वस्तू ‘सी’. लक्ष ‘ए’वर द्यायचे. कच्च्या मालासाठी ही पद्धत उत्तम आहे. मात्र देखभालीच्या मालाला ती एकटी लावली तर फसवते, कारण ‘सी’मधली एखादी क्षुल्लक वस्तू सगळा कारखाना थांबवू शकते, किंवा त्याहून वाईट काहीतरी घडवू शकते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची प्रणाली बसवण्यासाठी मी यंत्रागणिक भागांची यादी करत होतो. एका प्रेसच्या संरक्षक दारावर इंटरलॉक स्विच होता. दार उघडले की यंत्र थांबावे, यासाठी तो असतो. इथे दार उघडे होते आणि यंत्र धडधडत चालले होते. स्विच बिघडला होता, स्टोअरमध्ये दुसरा नव्हता आणि ऑर्डर तर वेळेत द्यायची होती. म्हणून कोणीतरी दोन टोके तारेने जोडून टाकली होती. तो स्विच साधारण शंभर डॉलरचा. ‘सी’ वर्गातला असल्यामुळे तो संपला आहे हे कोणाच्या अहवालात आलेच नाही. आम्ही यंत्र बंद करायला लावले आणि दुसऱ्या दिवशी नवा स्विच आला. तोवर कोणाचा हात आत गेला नाही, हे केवळ नशीब.

अमेरिकेत ‘ओशा’च्या नियमांनुसार यंत्राच्या धोक्याच्या जागी संरक्षक व्यवस्था बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या वेळी वीज तोडून कुलूप लावण्याचा, म्हणजे लॉकआउट-टॅगआउटचा नियमही १९८९ सालापासून आहे. पण स्टोअरमध्ये स्विच, कुलूप किंवा टॅगच नसेल तर नियम भिंतीवरच्या पोस्टरपुरता उरतो. कामगाराने जुगाड केला म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी स्टोअरची फळी रिकामी का होती, हे विचारावे.

यासाठी आपल्यापैकी अनेकांनी भारतात इंजिनिअरिंग करताना शिकलेली ‘व्हेड’ पद्धत उपयोगी पडते: व्हायटल, इसेन्शियल आणि डिझायरेबल. म्हणजे जीवनावश्यक, गरजेचे आणि असले तर बरे. परीक्षेत पाच गुणांसाठी पाठ केलेली ही पद्धत प्रत्यक्षात लाख मोलाची आहे. तिला माझी एकच पुरवणी: माणसाच्या सुरक्षिततेशी संबंध असलेला प्रत्येक भाग, मग तो दहा डॉलरचा का असेना, ‘व्हायटल’मध्ये धरावा. तिथे हिशेब मांडत बसू नये.

एकाच भागाची चार नावे

बॉल बेअरिंगवर ६२०५ हा आकडा असला तर आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५, मग ते जपानी असो, स्वीडिश असो की भारतीय. पण स्टोअरच्या संगणकात हेच बेअरिंग ‘बेअरिंग ६२०५’, ‘बॉल बेअरिंग २५ एमएम’, ‘कन्व्हेयरचे बेअरिंग’ आणि यंत्र बनवणाऱ्याचा लांबलचक पार्ट नंबर अशा चार नावांनी बसलेले आढळते. एका नावाखाली शून्य शिल्लक दिसते म्हणून परचेसवाले अर्जंट ऑर्डर देतात आणि दुसऱ्या नावाखाली आठ नग धूळ खात असतात. शिवाय यंत्र बनवणाऱ्याच्या नंबराने मागवले की तेच बेअरिंग कितीतरी महाग पडते.

म्हणून नाव देण्याची शिस्त हवी: आधी वस्तू, मग प्रकार, मग माप, मग मूळ उत्पादकाचा नंबर. ‘बेअरिंग, बॉल, ६२०५, दोन्ही बाजूंनी रबर सील’. सील, क्लिअरन्स वगैरे तपशील जुळल्याशिवाय दोन नोंदी एक करू नयेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण एक डॉलरही न गुंतवता सर्वांत लवकर फायदा यातूनच होतो.

किती ठेवायचे?

नियमित लागणाऱ्या मालासाठी फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेले सूत्र आजही चालते. (मोटारवाल्या फोर्डशी यांचा संबंध नाही, केवळ नाव सारखे.) वर्षाची गरज, एका ऑर्डरचा खर्च आणि दोन यांचा गुणाकार करा. त्याला एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. समजा, वर्षाला १२० पट्टे लागतात, ऑर्डरमागे कागदपत्रांचा आणि वाहतुकीचा खर्च ४० डॉलर आहे आणि पट्टा ठेवण्याचा खर्च वर्षाला ३ डॉलर. उत्तर साधारण ५७ येते, म्हणजे वर्षातून दोनदा ऑर्डर पुरे. दर आठवड्याला दोन-तीन पट्टे मागवण्यात काटकसर नाही.

पण क्वचित लागणाऱ्या भागांना हे सूत्र लावू नये. तिथे प्रश्न शक्यतेचा असतो. समजा, एखादे पंपाचे सील वर्षाला सरासरी चार लागतात आणि नवे यायला तीन महिने लागतात. म्हणजे वाट पाहण्याच्या काळात सरासरी एक लागणार. मग एक ठेवले की झाले, असे वाटते. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचे सूत्र वेगळे सांगते. बिघाड आपापल्या वेळी, एकमेकांशी संबंध नसताना होतात असे धरले, तर ऑर्डर देताना हाताशी एक सील असूनही कमी पडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, दोन असल्यास ८ टक्के आणि तीन असल्यास २ टक्क्यांहून थोडी कमी. सरासरीवर विसंबणारा चारातून एकदा अडकतो. किती धोका परवडतो ते ‘व्हेड’वरून ठरवावे.

यात ‘यायला किती दिवस’ हा आकडा ताजा हवा. २०२१ आणि २०२२ साली चिपच्या टंचाईमुळे पीएलसी आणि ड्राइव्हची महिनोन्महिने वाट पाहावी लागली. संगणकात मात्र अनेक ठिकाणी ‘दोन आठवडे’ हाच जुना आकडा होता.

काही जण म्हणतात, “टोयोटासारखे जस्ट-इन-टाइम करा, साठा शून्य!” ती पद्धत मोठीच आहे, पण ती आखलेल्या मागणीसाठी. बिघाड वेळापत्रक पाहून येत नाही. खुद्द टोयोटालाही १ फेब्रुवारी १९९७ रोजी ठेच लागली. आयसिन सेकी या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका लहानशा व्हॉल्व्हअभावी टोयोटाच्या जपानमधल्या जोडणीच्या लाइन थांबल्या. इतर पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर ते व्हॉल्व्ह बनवून काही दिवसांतच गाडी रुळावर आणली. साठा नव्हता, पण माणसांशी जोडलेले संबंध होते.

ठेवलेला भागही जपावा लागतो

फळीवरचा भाग म्हणजे तिजोरीतले सोने नव्हे. मोटर वर्षानुवर्षे एकाच अवस्थेत पडून राहिली, त्यातून शेजारच्या यंत्रांची थरथर लागत असली, तर बेअरिंगवर खड्डे पडतात, म्हणून शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावा. रबरी सील आणि पट्टे ऊन, उष्णता आणि ओझोन यांपासून दूर ठेवावेत. बेअरिंगचे वेष्टन वापरायच्या क्षणापर्यंत फोडू नये. ड्राइव्हमधले कपॅसिटर दीर्घकाळ विजेविना राहिले की कमजोर होतात, म्हणून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे त्यांना ठराविक काळाने वीज द्यावी लागते. आणि आधी आलेला माल आधी वापरावा. आपल्या आया लोणच्याच्या बरण्यांना हाच नियम लावत.

खरेदी करताना

सुट्या भागांचा सौदा नवे यंत्र घेतानाच करावा. सही होण्यापूर्वी विक्रेता जितका नरम असतो, तितका नंतर कधीच नसतो. तेव्हाच भागांची यादी मूळ उत्पादकांच्या नंबरांसह मागून घ्या. नेहमीच्या मालासाठी वर्षाचा दर ठरवून घ्या आणि ‘हे आमच्यासाठी तुमच्याकडे शिल्लक ठेवा’ असे वितरकाकडून लिहून घ्या. बाजारात नकली बेअरिंग फिरतात, तेव्हा केवळ स्वस्त म्हणून अनोळखी विक्रेत्याकडे जाऊ नका.

व्यवसाय आपला स्वतःचा असेल तर कराचा मुद्दाही आहे. ऑडिट केलेली आर्थिक पत्रके नसलेल्या छोट्या व्यवसायांना २०१६ सालापासून, आयआरएसच्या अटी पाळून, नगामागे २,५०० डॉलरपर्यंतची खरेदी त्याच वर्षी खर्चात दाखवण्याचा पर्याय निवडता येतो. त्यासाठी हिशेबाचे धोरण वर्षारंभीच ठरलेले असावे लागते आणि सुट्या भागांचे इतरही नियम आहेत. आपल्या सीपीएशी वर्ष संपण्याआधी बोला.

सुरुवात कुठून?

गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, “काय रे, तुमचं ते सॉफ्टवेअर बसवलं की माझं स्टोअर सुधारेल ना?”

मी म्हटले, “काका, आधी स्टोअरला कुलूप लावा आणि दाराशी एक वही ठेवा. सहा महिने वही नीट भरली गेली की मग मला बोलवा.”

ते हसले. “म्हणजे तू धंदा करणार नाहीस तर!”

पण हे खरे आहे. संगणक आपण सांगू तेवढेच जाणतो. रात्रपाळीचा मेकॅनिक नोंद न करता भाग घेऊन गेला की सगळी गणिते कोसळतात. बऱ्याच कारखान्यांत मेकॅनिक भाग आपल्या लॉकरमध्ये दडवून ठेवतात. ती चोरी नसते. ‘स्टोअरमध्ये ऐन वेळी मिळणार नाही’ या अनुभवाने आलेली खबरदारी असते. त्यांना रागावण्याऐवजी सांगावे, “असेल ते आणून ठेवा, कोणी काही विचारणार नाही.” अशा वेळी किती माल बाहेर येतो ते पाहून थक्क व्हाल.

क्रम असा ठेवावा:

१. ज्या पाच यंत्रांवाचून कारखाना थांबतो ती ठरवा आणि केवळ त्यांच्या भागांची यादी करा. सगळे एकदम करायला जाऊ नका.

२. प्रत्येक भागाला ‘व्हेड’ लावा. सुरक्षिततेचे भाग आधी.

३. प्रत्यक्ष मोजणी करा, नावे एक करा, प्रत्येक भागाला फळीचा क्रमांक द्या.

४. व्हायटल भागांची किमान शिल्लक आणि यायला लागणारे दिवस लिहा. दर सहा महिन्यांनी तपासा.

५. ज्या यंत्राचे भाग आहेत ते यंत्रच मोडीत निघाले असेल, तर भाग विकून टाका.

खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतो. पुणे-चिंचवडच्या कारखान्यांत त्या निमित्ताने यंत्रे धुऊनपुसून झेंडूच्या माळा चढतात. इथे ज्यांचे स्वतःचे शॉप आहे त्यांनी त्या दिवशी एक हार स्टोअरच्या दारालाही घालावा आणि त्या आठवड्यात वार्षिक मोजणी उरकावी. मुहूर्तही साधेल आणि काम दरवर्षी न चुकता होईल.

घरातले स्टोअर

शेवटी ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या घरातही ‘सी’ वर्गातल्या पण ‘व्हायटल’ अशा वस्तू असतात. धुराचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म रात्री टिकटिक करू लागतो, घरात योग्य बॅटरी नसते, म्हणून आपण जुनी काढून ठेवतो आणि ‘उद्या आणू’ म्हणतो. प्रेसवरची ती तार आणि ही काढलेली बॅटरी यांत काडीचाही फरक नाही. अलार्मला लागणारी बॅटरी घरात ठेवा आणि धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदला. तळघरातल्या पाणी उपसण्याच्या पंपाची पावसाळ्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून चाचणी घ्या. घरात कोणाला इन्सुलिन किंवा इनहेलर लागत असेल तर ‘किती उरले’ यापेक्षा ‘नवे मिळायला किती दिवस लागतील’ हे पाहून मागवा, आणि वापरण्याची मुदत तपासा.

कोणती वस्तू किती डॉलरची हे पावतीवर लिहिलेले असते. ती नसली तर काय थांबेल, किंवा कोणाला इजा होईल, हे आपले आपणच लिहून ठेवायला हवे. आपल्या शॉपमध्ये ही यादी कशी केलीत, काय अडचणी आल्या, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. एकाच्या अनुभवाने दहा जणांचा खोळंबा टळेल.